वाचकांचे प्रश्न : ग्रिन्यारच्या बाटलीत आयन असतात का?

या वेळी आलेल्या पत्रांत सेंद्रिय धातू संयुगांवरचीच (कार्बन थेट धातूला जोडलेल्या संयुगांवरची) पत्रे जास्त निघाली, म्हणून सगळे सदर त्यांनाच दिले आहे. लांबलेली पत्रे थोडी छाटली आहेत. काही वाचक ‘ग्रिग्नार्ड’ लिहितात, आम्ही फ्रेंच उच्चाराप्रमाणे ‘ग्रिन्यार’ लिहितो, माणूस एकच. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे ग्रिन्यार म्हणजे सेंद्रिय हॅलाइड (क्लोरिन, ब्रोमिन किंवा आयोडिन असलेले संयुग) आणि मॅग्नेशियम यांपासून ईथरमध्ये बनणारे संयुग. फेनिल मॅग्नेशियम ब्रोमाइड हे त्यातलेच एक.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला आम्ही फेनिल मॅग्नेशियम ब्रोमाइड करतो. जानेवारीत दहा मिनिटांत सुरू होते. ऑगस्टमध्ये तासभर ढवळले तरी मॅग्नेशियम जसेच्या तसे चकाकत राहते. दमट हवेचा एवढा परिणाम होतो का?
– विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : हवेला दोष देण्याआधी हिशेब करू. ३० अंश सेल्सिअसला ९० टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत साधारण २७ ग्रॅम पाणी असते. म्हणजे २५० मिलीच्या फ्लास्कमधल्या हवेत जेमतेम ७ मिलिग्रॅम, ०.४ मिलिमोल. तुमची अभिक्रिया १०० मिलिमोलची असेल, तर एवढ्याने ती अडू नये. खरा चोर ईथरमध्ये आणि काचेवर आहे. पाण्याने संपृक्त झालेल्या ईथरमध्ये पाणी सव्वा टक्क्याच्या आसपास असते. असे १०० मिली ईथर घेतले, तर त्यात जवळजवळ ५० मिलिमोल पाणी आले, म्हणजे निम्मा माल तिथेच गेला. कोरडे ईथर उघड्यावर ओतले तरी घोटाळा होतो. ईथर उडताना बाटलीचे तोंड गार पडते, पावसाळ्यात त्यावर लगेच दव धरते आणि तो थेंब आत घसरतो. म्हणून ओतू नका. नायट्रोजनखाली सिरिंजने किंवा पोकळ सुईने घ्या. शिवाय बऱ्याच ईथरमध्ये इथेनॉल असते. तेही पाण्याइतकेच घातक, आणि त्याची आठवण सहसा कोणाला होत नाही. कॅल्शियम क्लोराइड पाण्याबरोबर इथेनॉललाही पकडतो, म्हणून आधी त्यावर एक रात्र ठेवावे आणि मग सोडियमची तार घालावी. ऊर्ध्वपातन करायचे असेल तर त्याआधी पोटॅशियम आयोडाइडने पेरॉक्साइड तपासा, आणि फ्लास्क कोरडा पडेपर्यंत कधीच तापवू नका.

आता कृती. काचसामान १२० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवा, गरम असतानाच जोडा आणि नायट्रोजनखाली गार होऊ द्या. मॅग्नेशियम टर्निंग्ज (धातूचा कीस) २.७ ग्रॅम (०.११ मोल), ब्रोमोबेंझीन १५.७ ग्रॅम म्हणजे १०.५ मिली (०.१ मोल). मॅग्नेशियमवर २० मिली ईथर, ड्रॉपिंग फनेलमध्ये ब्रोमोबेंझीन आणि ५० मिली ईथर. आयोडिनचा एक बारीक खडा टाका. फनेलमधले २–३ मिलीच सोडा, ढवळणे बंद ठेवा आणि वाट पाहा. तपकिरी रंग उडाला, धातूच्या कडेला गढूळपणा दिसला, बारीक बुडबुडे सुटले आणि ईथर आपोआप उकळू लागले, की सुरू झाले असे समजा. मग ढवळत उरलेले अर्ध्यापाऊण तासात, उकळी जेमतेम टिकेल अशा बेताने सोडा. शेवटी कोमट पाण्यावर आणखी अर्धा तास.

सुरू झाले नाही तर? इथे जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो : ‘अजून थोडे घालून बघू’ म्हणत फनेल रिकामे करतो. पुढे अर्ध्या तासाने अभिक्रिया एकदम पेटते आणि सगळे द्रावण कंडेन्सरमधून बाहेर येते. सुरुवात दिसल्याशिवाय पुढचा थेंब नाही, हा नियम मोडू नका. त्याऐवजी ०.२५ मिली १,२-डायब्रोमोइथेन घाला. ते मॅग्नेशियमशी भिडून इथिलीन वायू सोडते आणि मॅग्नेशियम ब्रोमाइड तयार होते. या झटापटीत ऑक्साइडचा पापुद्रा निघतो आणि ताजा धातू उघडा पडतो. यात सुमारे ३ मिलिमोल मॅग्नेशियम खर्च होते. वर १० टक्के जास्त धातू घेतला आहे तो याचसाठी. दुसरा मार्ग म्हणजे टर्निंग्ज नायट्रोजनखाली, द्रावकाशिवाय, चुंबकी कांडीने रात्रभर कोरड्याच ढवळणे. धातू काळपट होतो आणि दुसऱ्या दिवशी लगेच पकड घेतो.

पापुद्र्याला एवढे महत्त्व का, तर पहिले पाऊल धातूच्या पृष्ठभागावरच पडते. मॅग्नेशियमकडून एक इलेक्ट्रॉन हॅलाइडकडे जातो, कार्बन–हॅलोजन बंध तुटतो आणि क्षणभर मुक्त मूलक तयार होते. ते पृष्ठभागाजवळच मॅग्नेशियमला जोडले गेले तर ग्रिन्यार मिळते. दोन मूलके एकमेकांना भेटली किंवा तयार ग्रिन्यारवर ताजे हॅलाइड आदळले, तर बायफेनिलसारखी जोडगोळी होते. म्हणून हॅलाइड सावकाश आणि पातळ करून सोडायचे. बेंझिल आणि अलाइल हॅलाइडांत हा त्रास जास्त. तिथे द्रावण याच्या निम्म्या तीव्रतेचे ठेवा.

विदर्भातल्या वाचकांनी याच्या उलट बाजूने सावध राहावे. ईथर ३४.६ अंशांना उकळते आणि मे महिन्यात नागपूरची हवाच त्याहून गरम असते. नळाच्या पाण्यावर कंडेन्सर चालवू नका, बर्फाचे पाणी फिरवा. नाहीतर सरळ टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान, हाही द्रावकच, उकळतो ६६ अंशांना) घ्या.

प्रश्न : ग्रिन्यार आधी वेगळे करून ठेवण्याची गरजच काय? हॅलाइड, कीटोन आणि मॅग्नेशियम एकत्र टाकले तर?
– वाचक, सांगली

उत्तर : नेमके हेच आधी झाले होते. १८९९ मध्ये फिलिप बार्बिए यांनी लियोंमध्ये मिथिल आयोडाइड, कीटोन आणि मॅग्नेशियम एकाच भांड्यात घातले. मिळाले ते बेभरवशाचे. त्यांचे विद्यार्थी व्हिक्टर ग्रिन्यार यांनी १९०० मध्ये आधी मॅग्नेशियम संयुग तयार केले आणि कीटोन नंतर घातला. १९१२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. बार्बिए पद्धत मेलेली मात्र नाही. अलाइल हॅलाइड आणि जस्त किंवा इंडियम घेऊन ती आजही, अगदी पाण्यातसुद्धा, चालते.

प्रश्न : पुस्तकात ग्रिन्यारची अभिक्रिया समजावताना ऋणभारित कार्बन आणि धनभारित मॅग्नेशियम असे दोन सुटे आयन काढतात. विद्यार्थी विचारतात, बाटलीत खरेच असे आयन पोहत असतात का?
– शिक्षक, अमरावती

उत्तर : नाही. ते चित्र हिशेबाची सोय आहे. इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले ते दाखवायला चांगले, बाटलीत काय आहे ते सांगायला वाईट.

कार्बनची विद्युतऋणता २.५५, मॅग्नेशियमची १.३१. बंध कार्बनकडे चांगलाच कललेला आहे, पण तुटलेला नाही. तो तुटून आयन वेगळे राहायचे, तर मधल्या द्रावकाने त्यांची ओढ कमी केली पाहिजे. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ७८ च्या आसपास, टीएचएफचा ७.५ आणि ईथरचा अवघा ४.३. दोन एकभारी विरुद्ध आयनांमधली ओढ खोलीच्या तापमानातल्या औष्णिक धडपडीइतकी कमी व्हायला पाण्यात ०.७ नॅनोमीटर अंतर पुरते. टीएचएफमध्ये साडेसात नॅनोमीटर लागते, ईथरमध्ये १३. कार्बन–मॅग्नेशियम बंधाची लांबी ०.२२ नॅनोमीटरच्या आसपास आहे हे लक्षात घेतले, की ईथरमध्ये आयनांची ताटातूट किती अवघड ते कळते.

मग ईथर करते काय? आयन सुटे करत नाही, धातूची भूक भागवते. मॅग्नेशियमभोवती इलेक्ट्रॉनांची जागा रिकामी असते. दोन ईथर रेणू आपल्या ऑक्सिजनवरच्या जोड्या देऊन ती भरतात. फेनिल मॅग्नेशियम ब्रोमाइडच्या स्फटिकात मॅग्नेशियमभोवती चौघे दिसतात : फेनिल, ब्रोमिन आणि दोन ईथर. बाटलीवरच्या लेबलात हे ईथर कधीच लिहिलेले नसतात, पण संयुगाचा ते भागच आहेत.

लेबलात आणखी एक गोष्ट लपलेली असते. विल्हेल्म श्लेंक आणि त्यांच्या मुलाने १९२९ मध्ये दाखवले, की अल्किल मॅग्नेशियम हॅलाइडचे दोन रेणू आपापसांत वाटणी करतात : एकीकडे डायअल्किल मॅग्नेशियम, दुसरीकडे मॅग्नेशियम हॅलाइड. हा समतोल दोन्ही बाजूंनी सतत चालू असतो. ईथरमध्ये ब्रोमाइड आणि आयोडाइड असतील तर पारडे मिश्र रूपाकडे, म्हणजे लेबलवरच्या सूत्राकडे, बरेच झुकलेले असते. टीएचएफमध्ये वाटणी जवळजवळ नशिबावर सोडल्यासारखी होते. चिठ्ठ्या टाकून गट वाटले तर जसे निम्मे मिश्र आणि पाव-पाव शुद्ध निघतील, तसे. शिवाय ईथरमध्ये क्लोराइड पुलांनी जोडलेल्या जोड्या करून राहते, तर टीएचएफमध्ये रेणू बहुधा एकेकटे असतात.

तरीही विद्यार्थ्यांचा प्रश्न अगदी फोल नाही. ग्रिन्यारच्या ईथर द्रावणातून वीज वाहते, थोडी पण वाहते. विद्युत अपघटन केले, की ऋणाग्रावर मॅग्नेशियम धातू जमतो आणि धनाग्रावर अल्किल गट मूलके होऊन आपसांत जोडले जातात. गंमत पुढेच आहे : मॅग्नेशियम दोन्ही अग्रांकडे सरकते. एका रेणूकडून दुसऱ्याकडे हॅलाइड जातो, त्यामुळे एक ‘अल्किल-मॅग्नेशियम’ धनायन होतो आणि दुसरा ‘अल्किल-मॅग्नेशियम-डायहॅलाइड’ ऋणायन. दोन्हींत अल्किल गट मॅग्नेशियमलाच धरून आहे. हॅलाइड उडी मारतो, कार्बन मारत नाही. वर्गात एवढे सांगितले तरी पुरे.

प्रश्न : इथिल मॅग्नेशियम ब्रोमाइडच्या ईथर द्रावणात चुकून डायऑक्झेन पडले आणि पांढरा लगदा झाला. द्रावण फेकले. बरोबर केले ना?
– वाचक, पुणे

उत्तर : फेकायला नको होते. डायऑक्झेनला दोन टोकांना ऑक्सिजन असतात. तो मॅग्नेशियम ब्रोमाइडला पकडून न विरघळणारा साका करतो. वरच्या उत्तरातल्या समतोलातून एक बाजूच उचलली गेली, की उरलेले त्या दिशेने सरकते आणि वरच्या निवळीत डायइथिल मॅग्नेशियम राहते. हॅलाइडविरहित मॅग्नेशियम संयुग हवे असेल तर हे मुद्दाम करतात : मॅग्नेशियमच्या १.१ पट कोरडे डायऑक्झेन थेंबाथेंबाने, जोरात ढवळत, मग रात्रभर ढवळणे आणि निवळी काढणे. थंडीत डायऑक्झेन १२ अंशांच्या खाली गोठते, तेव्हा बर्फाच्या भांड्यात घालू नका. थोडे अल्किल संयुग साक्याबरोबर खाली जातेच, म्हणून मोजल्याशिवाय वापरू नये. आणि मोलांचा हिशेब निम्मा होतो हे विसरू नये.

प्रश्न : एन-ब्युटिल लिथियमची (हेक्झेनमध्ये १.६ मोलर) वर्षभर जुनी बाटली आहे, तळाशी पांढरा थर आहे. आम्लाने टायट्रेशन केले तर १.५५ येते, पण अभिक्रियेत तेवढे मिळत नाही. दुसरे म्हणजे, सोयीसाठी टीएचएफमध्ये पातळ करून ठेवता येईल का?
– केमिस्ट, तारापूर

उत्तर : दुसऱ्याचे उत्तर आधी, कारण ते धोक्याचे आहे : नाही. २० अंशांना टीएचएफमध्ये निम्मे ब्युटिल लिथियम सुमारे पावणेदोन तासांत संपते. ते टीएचएफचाच हायड्रोजन काढते, वलय फुटते आणि इथिलीन व ॲसिटाल्डिहाइडचा इनोलेट उरतो. बंद बाटलीत इथिलीनचा दाब चढतो. ० अंशांना हाच वेळ सतरा तासांच्या आसपास जातो, म्हणून टीएचएफमधले काम बर्फात किंवा उणे ७८ ला, आणि त्याच दिवशी.

आता टायट्रेशन. साधे आम्ल-अल्कली टायट्रेशन सगळा अल्कली मोजते. हवा शिरली की लिथियम ब्युटॉक्साइड, ओल शिरली की हायड्रॉक्साइड, उष्णतेने ब्युटीन उडून गेले की लिथियम हायड्राइड. तळाचा पांढरा थर यांतल्या न विरघळणाऱ्यांचा. हे सगळे तुमच्या १.५५ मध्ये मिळालेले आहेत. कार्बन–लिथियम बंधच मोजेल अशी पद्धत हवी.

डायफेनिल ॲसेटिक आम्ल निर्वात पंपावर सुकवा. त्यातले २१२ मिलिग्रॅम (१ मिलिमोल) कोरड्या फ्लास्कमध्ये, नायट्रोजनखाली, १० मिली कोरड्या टीएचएफमध्ये विरघळवा. २ मिलीच्या सिरिंजने ब्युटिल लिथियम थेंबाथेंबाने सोडा. पहिला प्रोटॉन जाईपर्यंत द्रावण रंगहीन राहते. तो संपला की पुढचा थेंब दुसरा प्रोटॉन काढतो आणि पिवळा रंग टिकतो. तिथे थांबा. ०.७० मिली लागले तर १ भागिले ०.७० म्हणजे १.४३ मोलर. तीनदा करा. तिन्ही आकडे ०.०३ च्या आत आले नाहीत, तर आम्ल ओले आहे किंवा सिरिंज गळते आहे. सिरिंज निम्म्याहून जास्त भरू नका. दट्ट्या मागे सटकला की हातात आग. २० मिलीपेक्षा जास्त न्यायचे असेल तर सिरिंज सोडा, दुतोंडी सुई वापरा.

ब्युटिल लिथियम हेक्झेनमध्ये एकेकटे नसते, सहा-सहा रेणूंचा घट्ट गठ्ठा असतो. म्हणूनच ते हेक्झेनमध्ये इतके दिवस टिकते आणि इतके आळशीही असते. टीएचएफमध्ये गठ्ठा चार आणि दोनवर येतो. टीएमईडीए हे दोन नायट्रोजन असलेले अमाइन घातले, की लिथियम चिमट्यात सापडल्यासारखे होते, आणि एरवी बेंझीनला हात न लावणारे ब्युटिल लिथियम त्याचा प्रोटॉनसुद्धा काढते. टर्ट-ब्युटिल लिथियम हेक्झेनमध्ये चार, ईथरमध्ये दोन, टीएचएफमध्ये एकेकटे असते. त्याचा स्वभाव का तापट, हे या आकड्यांत दिसते.

जाता जाता : लिथियम धातूपासून स्वतः बनवणार असाल तर नायट्रोजन नको, आर्गॉन घ्या, कारण लिथियम नायट्रोजनशी नायट्राइड करते. आणि अतिशुद्ध लिथियम आणू नका. टर्ट-ब्युटिलसाठी तर धातूत एक-दोन टक्के सोडियम असले तरच सुरुवात नीट होते.

प्रश्न : लिथियमच्या अभिक्रियांत एचएमपीए (हेक्झामिथिल फॉस्फोरामाइड) का घालतात? ते आयन ‘सुटे’ करते म्हणतात. मग नेहमीच का घालू नये?
– संशोधक विद्यार्थी, मुंबई

उत्तर : ऋणायन आणि धनायन द्रावणात एकत्र असण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक चिकटलेली जोडी : भिंतीला भिंत लागलेली दोन घरे. दुसरी द्रावकाने विलग केलेली जोडी : मध्ये बोळ आहे, पण गल्ली एकच. टीएचएफसारख्या द्रावकात तिसरी अवस्था, म्हणजे पूर्ण मोकळे आयन, अगदी नगण्य असते. ‘सुटे’ म्हणताना बहुतेक वेळा बोळ पडला एवढेच म्हणायचे असते.

हे डोळ्यांना दिसावे असे उदाहरण फ्लुओरिनचे (fluorene, हे हायड्रोकार्बन आहे, त्याच नावासारखे मूलद्रव्य नव्हे). त्याचा ऋणायन नारिंगी असतो. टीएचएफमध्ये चिकटलेल्या जोडीत लिथियम असेल तर तो ३४९ नॅनोमीटरला प्रकाश शोषतो, सोडियम असेल तर ३५६ ला. बोळ पडला की दोन्ही ३७३ च्या जवळ येतात, कारण आता शेजारी कोण आहे याने फरक पडत नाही. १९६०च्या दशकात होगेन-एश आणि स्मिड यांनी हे मोजले. त्यातला धक्का असा : सोडियम फ्लुओरिनिल टीएचएफमध्ये २५ अंशांना चिकटलेले असते आणि उणे ५० ला बहुतेक विलग. गार केले की आयन घट्ट बसतील अशी आपली अटकळ, होते उलट. विलगीकरणासाठी टीएचएफचे रेणू सोडियमभोवती फेर धरून बसावे लागतात. या बांधाबांधीत उष्णता बाहेर पडते, पण रेणूंचे स्वातंत्र्य जाते, आणि थंडीत स्वातंत्र्याची किंमत कमी लागते. त्यात टीएचएफचा डायइलेक्ट्रिक स्थिरांकही गारठ्यात वाढतो, उणे ७० ला ११ च्या आसपास जातो.

एचएमपीए हेच काम फार जोरात करते. त्याचा ऑक्सिजन लिथियमला इतका आवडतो, की चार रेणू मिळून लिथियमला पूर्ण वेढून टाकतात. परिणाम ठसठशीत दिसतो तो १,३-डायथायेनच्या लिथियम संयुगात. उणे ७८ ला टीएचएफमध्ये सायक्लोहेक्झ-२-ईनोनवर (कार्बोनिलशेजारी दुहेरी बंध असलेला कीटोन) ते कार्बोनिलच्या कार्बनवर बसते. एचएमपीए घातले की दुहेरी बंधाच्या टोकाला, म्हणजे १,४ जागी. चिकटलेल्या जोडीतले लिथियम कार्बोनिलच्या ऑक्सिजनला धरून ऋणायनाला तिथेच उतरवत होते. लिथियम वेढले गेल्यावर हा मार्गदर्शक उरत नाही.

प्रमाण : २ मिलिमोल लिथियमला दोन पट धरले तर ४ मिलिमोल, म्हणजे ०.७ मिली. एचएमपीए ७ अंशांना गोठते. उणे ७८ च्या फ्लास्कमध्ये नुसते टाकले तर गोळा होऊन तळाशी बसते आणि ‘एचएमपीएने काही फरक पडला नाही’ अशी नोंद वहीत होते. टीएचएफमध्ये मिसळून सावकाश सोडा. कोरडेही असले पाहिजे, ते पाणी फार ओढते.

ते कॅन्सरकारक असल्याचा संशय आहे. उंदरांच्या नाकात श्वासावाटे गाठी झालेल्या आहेत. हातमोजे आणि फ्यूम हूड यांशिवाय बाटली उघडू नये. १९८२ पासून डीएमपीयू (युरियाचे वलयाकार संयुग) हा पर्याय वापरात आहे. तो लिथियमला एवढा घट्ट धरत नाही, म्हणून जास्त घालावा लागतो, आणि काही ठिकाणी पुरतही नाही. आमचे मत : आधी डीएमपीयू करून पाहावे, हरल्यावर एचएमपीए.

आता ‘नेहमीच का नको’. क्युप्रेट (तांब्याचे सेंद्रिय संयुग) घ्या. लिथियम डायमिथिल क्युप्रेट ईथरमध्ये चिकटलेल्या जोड्या करून असते, टीएचएफमध्ये विलग. कीटोनच्या १,४ अभिक्रियेत ईथरमधलेच अधिक चपळ ठरते. लिथियमला गिळणारे १२-क्राउन-४ हे वलयाकार ईथर घातले तर अभिक्रिया थांबतेच, कारण इथे कार्बोनिलला जागे करायला लिथियम हवे असते. ‘आयन सुटा तितका तिखट’ हे वाक्य त्यामुळे वहीतून खोडून टाका.

प्रश्न : आयसोप्रोपिल मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये लिथियम क्लोराइड घातले की त्याला ‘टर्बो’ म्हणतात. मिठाने काय होते?
– वाचक, म्युनिक

उत्तर : तुमच्याच शहरात पॉल क्नोशेल यांच्या गटाने २००४ मध्ये हे पुढे आणले. एकास एक प्रमाणात लिथियम क्लोराइड घातल्यावर मॅग्नेशियमचे क्लोराइड-पूल मोडतात आणि मॅग्नेशियमवर जास्तीचा क्लोराइड बसून ऋणभार येतो. त्यामुळे ब्रोमाइड–मॅग्नेशियम अदलाबदल शून्याच्या आसपास किंवा त्याखालीही होते आणि रेणूतला सायनाइड किंवा एस्टर गट शाबूत राहतो. घरी बनवताना चुकते ते मीठच. लिथियम क्लोराइड हवेतून पाणी ओढते. निर्वातात १४० अंशांना चार-पाच तास तापवून, फ्लास्कमध्येच गार करून वापरा.

प्रश्न : आयोडोबेंझीन आणि अल्किल लिथियम यांच्या अदलाबदलीत मधला टप्पा आयनिक असतो का? आणि टर्ट-ब्युटिल लिथियम नेहमी दुप्पट का घेतात?
– संशोधक विद्यार्थिनी, हैदराबाद

उत्तर : असतो, निदान आयोडाइडांत. लिथियमकडचा कार्बन आयोडिनवर बसतो आणि आयोडिनला दोन कार्बन धरलेला ऋणायन होतो. पेंटाफ्लुओरोफेनिल गटांचा असा ऋणायन टीएमईडीएने वेढलेल्या लिथियमसोबत १९८६ मध्ये स्फटिकरूपात मिळाला. दुपटीचे कारण साधे आहे. अदलाबदलीत निघालेले टर्ट-ब्युटिल आयोडाइड तुमच्या मालाशीच भिडले असते. दुसरा भाग त्याला गाठून आयसोब्युटीन, आयसोब्युटेन आणि लिथियम आयोडाइड करून संपवतो.

प्रश्न : मॅग्नेशियम बॅटरीत ग्रिन्यार वापरतात असे वाचले. लिथियमप्रमाणे साधे क्षार का चालत नाहीत?
– अभियांत्रिकी विद्यार्थी, नाशिक

उत्तर : लिथियमवर जो पातळ थर बसतो त्यातून लिथियम आयन जाऊ शकतात. मॅग्नेशियमवर नेहमीच्या क्षार-द्रावकांत बसणारा थर दोन भारांच्या मॅग्नेशियम आयनाला जाऊ देत नाही. धातू कुलूपबंद होतो. ग्रिन्यारच्या ईथर किंवा टीएचएफ द्रावणात असा थर बसत नाही, म्हणून त्यातून मॅग्नेशियम जमते आणि परत विरघळतेही. पण नुसते ग्रिन्यार इलेक्ट्रोलाइट म्हणून कमजोर : वाहकता कमी, आणि थोडा जास्त व्होल्टेज दिला की कार्बन–मॅग्नेशियम बंधच ऑक्सिडाइज होतो. मग अल्किल गट ॲल्युमिनियमकडे सोपवण्याची युक्ती निघाली. २००० मध्ये इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठातल्या दोरोन ऑरबाख यांच्या गटाने अल्किल-क्लोरो-ॲल्युमिनेटचे टीएचएफ द्रावण आणि मॉलिब्डेनम सल्फाइडचा धनाग्र घेऊन वारंवार चार्ज होणारा नमुना दाखवला. पुढे फेनिल मॅग्नेशियम क्लोराइड आणि ॲल्युमिनियम क्लोराइड दोनास एक मिसळून आणखी टिकाऊ द्रावण मिळाले. त्यात फेनिल गट ॲल्युमिनियमवरच्या ऋणायनात जातात, आणि धनायन असतो तो दोन मॅग्नेशियम, तीन क्लोराइड पूल आणि सहा टीएचएफ यांचा. करून पाहायचे असेल तर ॲल्युमिनियम क्लोराइड टीएचएफमध्ये एकदम ओतू नका. इतकी उष्णता निघते की टीएचएफ उकळून फवारा उडतो. बर्फात, चिमटीचिमटीने घाला.

प्रश्न : प्रॅक्टिकलनंतर उरलेले ग्रिन्यार आणि मॅग्नेशियमचे तुकडे कसे मारावेत?
– प्रयोगशाळा साहाय्यक, कोल्हापूर

उत्तर : आधी ईथर घालून पातळ करा आणि फ्लास्क बर्फात ठेवा. आयसोप्रोपॅनॉल थेंबाथेंबाने, बुडबुडे थांबेपर्यंत. मग संपृक्त अमोनियम क्लोराइड, तेही थेंबाथेंबाने. नुसते पाणी घातले तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा चिखल होतो आणि थर वेगळे होत नाहीत. उरलेले तुकडे पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात थोडे थोडे, फ्यूम हूडमध्ये. हायड्रोजन निघतो, जवळ बर्नर नको. आग लागलीच तर कोरडी वाळू. कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर उचलू नका, जळते मॅग्नेशियम त्यातला ऑक्सिजन ओढून जळतच राहते.